गाईडलाही शिकावे लागते

आपल्या वस्त्यांतील मुले-मुली आज बी.ए., एम.ए. करून थांबत नाहीत. कोणी एम.एस्सी. होऊन प्रयोगशाळेत संशोधन करतो आहे, कोणी मराठी, समाजशास्त्र, अर्थशास्त्र अशा विषयात पीएच.डी.साठी नाव नोंदवले आहे. ज्या घरात आजोबांनी कागदावर अंगठा उठवला, वडिलांनी गिरणीत, रेल्वेत किंवा महापालिकेत घाम गाळला, त्या घरातील मुलगी आपल्या नावापुढे ‘डॉक्टर’ लावायला निघाली आहे. ही अभिमानाची गोष्ट आहे.

परंतु घरच्या माणसांना एक कोडे सुटत नाही. बी.ए. तीन वर्षांत झाले, एम.ए. दोन वर्षांत झाले. मग ही पाच-सहा वर्षे चालले आहे काय? परीक्षा कधी, निकाल कधी? विचारले की एकच उत्तर मिळते. “गाईडनी अजून चॅप्टर बघितला नाही.”

हा गाईड कोण? त्याच्या हातात एवढे काय असते? आणि गाईडचे काम त्याला स्वतःला कोणी शिकवले? यांपैकी शेवटचा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. तो विचारण्याची वेळ आता आली आहे.

एका सहीची किंमत

पीएच.डी.ला शाळा-कॉलेजसारखा रोजचा वर्ग नसतो. सुरुवातीचा कोर्सवर्क संपला की विद्यार्थी आणि गाईड अशी दोनच माणसे समोरासमोर उरतात. विषय कोणता घ्यावा, काय वाचावे, प्रश्नावली कशी करावी, कोणता प्रयोग पुन्हा करावा, प्रकरण कसे लिहावे हे सारे गाईडच्या सल्ल्याने चालते. शिवाय कागदपत्रे असतात. प्रगती अहवालावर गाईडची सही, फेलोशिप चालू ठेवण्याच्या कागदावर गाईडची सही, प्रबंध सादर करतानाही गाईडची सही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ फेलोशिपचा दर महिन्याला ३७ हजार रुपये आणि वरिष्ठ फेलोशिपचा ४२ हजार रुपये केला. ज्या मुलाच्या या पैशातून घरभाडे आणि धाकट्या भावंडांची फी जाते, त्याच्यासाठी गाईडची सही म्हणजे महिन्याचा पगार असतो. सही अडली की चूल अडते. एका माणसाच्या हातात दुसऱ्याचे एवढे आयुष्य असते, तेव्हा त्या माणसाला नुसता विषय येऊन भागत नाही. माणूस कसा घडवावा आणि सांभाळावा, हेही यावे लागते.

बाबासाहेबांचे दोन गाईड

आपल्या घरात ज्यांची तसबीर आहे ते बाबासाहेबही एके काळी संशोधक विद्यार्थीच होते. १९१३ मध्ये ते अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिगमन हे त्यांचे प्राध्यापक. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा बाबासाहेबांचा प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याला प्रस्तावना लिहिली ती सेलिगमन यांनी. विद्यार्थी कोलंबिया सोडून गेल्याला नऊ वर्षे झाली होती. तरी गुरूने त्याच्या कामाची जबाबदारी सोडली नव्हती. या ग्रंथानंतर १९२७ मध्ये कोलंबियाची पीएच.डी. बाबासाहेबांना मिळाली.

दुसरे उदाहरण लंडनचे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये एडविन कॅनन यांच्याकडे बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध केला. १९२२ मध्ये सादर केलेल्या या प्रबंधावर परीक्षकांनी आक्षेप घेतले. बाबासाहेबांनी तो दुरुस्त करून पुन्हा पाठवला आणि १९२३ मध्ये तो मान्य झाला. त्याच वर्षी ग्रंथ निघाला. कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तीत सरळ सांगून टाकले, की लेखकाची बरीचशी मते मला पटलेली नाहीत. पण जेथे तो चुकतो असे मला वाटले, तेथेही त्याच्या विचारांतला ताजेपणा मला भावला.

बंधू-भगिनींनो, या प्रस्तावनेचे मोल ओळखा. विद्यार्थ्याचे मत गाईडला पटले नाही. तरी गाईडने त्याची वाट अडवली नाही, पुस्तकाला आपले नाव दिले आणि मतभेदही उघडपणे नोंदवला. आज किती विद्यार्थी आपल्या गाईडला तोंडावर सांगू शकतात, की सर, मला हे वेगळे वाटते? सेलिगमन आणि कॅनन स्वभावाने उदार होते, हे बाबासाहेबांचे नशीब. परंतु लाखो मुलांचे भवितव्य गाईडच्या स्वभावावर सोडून कसे चालेल? उदारपणा शिकवता येत नसेल. रीत मात्र शिकवता येते.

मुकादमालाही शिकवावे लागले

ज्यांनी मुंबईच्या कापड गिरण्यांत दिवस काढले त्यांना जॉबर आठवत असेल. कामगाराला कामावर घेणे, चांगला साचा देणे, बदली देणे हे जॉबरच्या हातात. चांगला कामगार पुढे जॉबर झाला. पण माणसांकडून काम कसे घ्यावे हे त्याला कोणी शिकवले? कोणी नाही. तो ज्या जॉबरच्या शिव्या खात मोठा झाला, त्याच शिव्या त्याने पुढच्याला दिल्या. आणि जेथे लेखी नियम नाही तेथे जुनी रूढी राज्य करते. अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, ते कोणत्या कायद्याने? रूढीनेच. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न धसाला लावला होता.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या कारखान्यांत नवे कामगार मोठ्या संख्येने आले. त्यांत स्त्रिया पुष्कळ होत्या. जुन्या फोरमनांना यंत्र येत होते, पण नवख्याला शिकवता येत नव्हते. तेव्हा तेथील सरकारने १९४० मध्ये ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाची योजना काढली. फोरमनांसाठी प्रत्येकी दहा तासांचे छोटे वर्ग निघाले. एक वर्ग काम शिकवावे कसे याचा, दुसरा कामाची पद्धत सुधारावी कशी याचा आणि तिसरा हाताखालच्या माणसांशी वागावे कसे याचा. या शिकवणीचा रोख असा, की कामगाराला काम आले नाही तर आधी शिकवणाऱ्याने स्वतःकडे पाहावे. युद्धानंतर जपाननेही ही पद्धत उचलली.

आता विद्यापीठाकडे पाहा. एखादा प्राध्यापक अर्थशास्त्र उत्तम शिकवतो. पाळी आली की तो विभागप्रमुख होतो. दुसऱ्या दिवसापासून कारकून, शिपाई, प्रयोगशाळा परिचर, तासिका तत्त्वावरचे शिक्षक आणि कंत्राटी सफाई कामगार यांच्या रजा, कामाची वाटणी, तक्रारी आणि वार्षिक अहवाल त्याच्या टेबलावर येतात. त्याला अर्थशास्त्र येते, पण रजा नाकारताना माणसाशी कसे बोलावे हे येतेच असे नाही. आपल्यापैकी कित्येकजण विद्यापीठात शिपाई, परिचर, कारकून म्हणून काम करतात. साहेबाला बोलायची रीत नसली म्हणजे काय होते, हे त्यांना वेगळे सांगायला नको. एकाच माणसाने पाणीही भरायचे, फायलीही न्यायच्या आणि साहेबांच्या घरचे सामानही आणायचे. आणि दुसरा खुर्चीवर बसून. ही वाटणी डोळसपणे करायलाही शिक्षण लागते.

विभागप्रमुख कर्मचाऱ्यांशी जसा वागतो तसाच गाईड म्हणून विद्यार्थ्यांशी वागतो. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. ज्याच्या हातात दुसऱ्याचे काम आणि पोट आहे, त्याने तो अधिकार वापरायचा कसा?

नियम काय विचारतो?

विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.चे नवे विनियम काढले. त्यात गाईड कोणाला होता येते हे स्पष्ट लिहिले आहे. प्राध्यापक किंवा सहयोगी प्राध्यापक असेल तर स्वतःची पीएच.डी. आणि तज्ज्ञांनी तपासलेल्या नियतकालिकांतून किमान पाच शोधनिबंध हवेत. सहायक प्राध्यापक असेल तर पीएच.डी. आणि किमान तीन शोधनिबंध. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही.

या यादीत पदवी मोजली आहे, निबंध मोजले आहेत, विद्यार्थ्यांची संख्या मोजली आहे. विद्यार्थ्याला मार्गदर्शन कसे करावे याचे शिक्षण घेतले आहे का, हे मात्र विचारलेले नाही. एस.टी. चालवायची तर नुसते गाडीचे इंजिन ठाऊक असून भागत नाही, प्रवासी घेऊन चालवायचा वेगळा परवाना लागतो. आठ मुलांचे आयुष्य घेऊन जाणाऱ्याला मात्र असा परवाना लागत नाही.

याच विनियमांत विद्यार्थ्यांना अध्यापन आणि लेखन यांचे प्रशिक्षण घ्यावे असे सांगितले आहे. म्हणजे शिकवण्याची कला शिकावी लागते, हे आयोगाला मान्य आहे. मग गाईडलाच ती सूट का?

इतर देशांनी काय केले ते पाहा. ब्रिटनमध्ये उच्च शिक्षणाच्या गुणवत्ता संस्थेने २००४ मध्ये सुधारलेल्या आचारसंहितेत गाईडच्या अंगी योग्य कौशल्य असावे आणि विद्यार्थ्यामागे एकट्या गाईडऐवजी मार्गदर्शकांचा गट असावा, असा आग्रह धरला. स्वीडनमध्ये प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला किमान दोन मार्गदर्शक असतात आणि विद्यार्थ्याने मागणी केली तर मार्गदर्शक बदलून मिळतो. मुख्य मार्गदर्शक व्हायचे तर प्रशिक्षण घेतलेले असावे, असा तेथील विद्यापीठांचा सर्वसाधारण रिवाज आहे.

आपल्याकडेही यंत्रणा नाही असे नाही. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर १९८७ पासून विद्यापीठांत अ‍ॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली. नव्या प्राध्यापकांसाठी उद्बोधन वर्ग, जुन्यांसाठी उजळणी वर्ग तेथे होऊ लागले. २०१५ मध्ये त्यांना मानव संसाधन विकास केंद्र असे नाव मिळाले आणि २०२३ मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र. इमारत आहे, वर्ग आहे, या वर्गांची बढतीसाठी नोंदही होते. त्याच छताखाली गाईड आणि विभागप्रमुख यांच्यासाठी आठवडाभराचा सक्तीचा वर्ग ठेवायला काय हरकत आहे?

त्या वर्गात शिकवायचे काय?

हे शिक्षण भाषणांचे नसावे. चार-पाच जणांनी गोल करून बसावे, खऱ्या अडचणींवर बोलावे, एकाने विद्यार्थी आणि दुसऱ्याने गाईड होऊन संवाद करून पाहावा. शिकण्याच्या गोष्टी साध्या आहेत.

पहिली भेट. महिन्यातून कितीदा भेटायचे, दिलेले प्रकरण किती दिवसांत वाचून परत द्यायचे, निबंधावर कोणाचे नाव आधी येईल, हे पहिल्याच भेटीत ठरवून दोघांनी लिहून ठेवावे. नंतरची निम्मी भांडणे तेथेच मिटतात.

लेखन तपासणे. वहीवर लाल रेघ मारून “पुन्हा लिहा” म्हणणे म्हणजे तपासणे नव्हे. काय जमले, काय जमले नाही, पुढच्या वेळी कोणते दोन बदल करायचे, हे लिहून द्यावे.

कामावर बोलणे. “तुझ्या या प्रकरणात पुरावा कमी आहे” हे कामावरचे बोलणे झाले. “तुम्हा लोकांना इंग्रजी जमतच नाही” हे माणसावरचे, आणि जातीवरचे. पहिले बोलणे गाईडचे कर्तव्य आहे, दुसरे अपराधाच्या वाटेवरचे आहे. हा फरक प्रशिक्षणात उदाहरणे देऊन दाखवावा लागतो, कारण कित्येकांना आपण काय बोललो हे कळतही नाही.

खाजगी कामे. विद्यार्थी गाईडच्या मुलाला शाळेतून आणायला किंवा घरचे वीजबिल भरायला नसतो. परिचरही नसतो.

खचलेला माणूस ओळखणे. जो मुलगा रोज यायचा तो पंधरा दिवस दिसला नाही तर त्याला आळशी म्हणण्याआधी फोन करावा. घरात आजार आहे का, फेलोशिप अडली आहे का, मन खचले आहे का, हे विचारावे आणि मदत कोठे मिळेल ते सांगावे.

वर्षाचा हिशेब. वर्षातून एकदा, कर्मचारी असो वा विद्यार्थी, निवांत बसून बोलावे. काय झाले, काय राहिले, माझ्याकडून काय हवे? शेवटचा प्रश्न ज्या साहेबाला विचारता येतो, तोच खरा साहेब.

पहिल्या पिढीला जास्त फटका

प्राध्यापकाच्या घरातल्या मुलाला या अज्ञानाचा फटका कमी बसतो. सिनॉप्सिस कशी लिहावी, परिषदेत निबंध कसा वाचावा, गाईड रुसला तर कोणाकडे जावे, हे त्याला जेवताना ताटावर कळते. आपल्या मुलांना हे सांगणारे घरात कोणी नसते. त्यांच्यासाठी गाईड हाच नकाशा असतो. तो नकाशाच धड नसेल, तर हुशार मुलगाही रस्ता चुकतो आणि दोष मात्र त्याच्या कुवतीला दिला जातो.

यात जातीचा काटाही असतो. दिल्लीच्या एम्समधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारी तपासण्यासाठी डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिचा अहवाल २००७ मध्ये आला. प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेत आपल्याशी दुजाभाव होतो, शिक्षकांचे साहाय्य इतरांइतके मिळत नाही, असे विद्यार्थ्यांनी समितीला सांगितले होते. लेखी पेपरावर नंबर असतो. तोंडी परीक्षेत आणि गाईडच्या खोलीत मात्र आडनाव समोर बसलेले असते. म्हणून गाईडच्या प्रशिक्षणात भेदभावाचा विषय शेवटच्या अर्ध्या तासात उरकून चालणार नाही. तो पहिल्या दिवशी हवा.

घरच्यांनी आणि विद्यार्थ्यांनी काय करावे?

विद्यापीठे सुधारतील तेव्हा सुधारतील. तोवर आपण हात बांधून बसायचे नाही. पुढील गोष्टी कापून ठेवा आणि मुलांना वाचायला द्या.

२०२२ च्या विनियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि प्रवेशापासून कमाल सहा वर्षे आहेत. पुन्हा नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. स्त्रियांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत देता येते. म्हणून आईबाबांनो, “कधी संपणार?” असे रोज विचारू नका. महिन्यातून एकदा “या महिन्यात काय झाले?” असे विचारा.

प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संशोधन सल्लागार समिती असते. दर सत्राला तिच्यापुढे काम मांडून अहवाल द्यायचा असतो. गाईडखेरीज आपले काम पाहणारी माणसे आहेत, हे विसरू नका. ही बैठक होत नसेल तर ती लेखी मागा.

मुलगी संशोधन करत असताना लग्न ठरले तर शिक्षण सोडायला लावू नका. बाळंतपणासाठी किंवा मूल सांभाळण्यासाठी संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. लग्नामुळे गाव बदलले तर संशोधनाचे काम दुसऱ्या विद्यापीठात नेण्याची तरतूदही आहे. सासरच्यांना हे आधीच सांगा.

गाईडची भेट झाली की त्याच दिवशी काय ठरले ते चार ओळींत लिहून त्यांना ई-मेल करा. भाषा नम्र असावी, तारीख असावी. दिलेल्या प्रत्येक प्रकरणाची आणि अर्जाची प्रत जवळ ठेवा. भांडणाच्या वेळी आठवण उपयोगी पडत नाही, कागद पडतो.

बोलून मार्ग निघाला नाही तर विभागप्रमुखांकडे लेखी जा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झाले नाही तर पुढे १५ दिवसांत लोकपालाकडे दाद मागता येते. जातीवरून त्रास असेल तर विद्यापीठातील अनुसूचित जाती-जमाती कक्षाकडेही अर्ज द्या. एकट्याने जाऊ नका. दोन मित्र, एखादे जाणते शिक्षक बरोबर घ्या.

आणि चांगला गाईड मिळाला असेल तर त्याचे नाव पुढच्या मुलांना सांगा. मुलांचे लेखन वेळेवर वाचणारी, मतभेद सहन करणारी, रजेच्या अर्जावर माणुसकीने सही करणारी मॅडम किंवा सर आपल्या विद्यापीठांत आहेत. त्यांचा अनुभव प्रशिक्षण वर्गात उपयोगी पडला पाहिजे. नवा गाईड अशा अनुभवी माणसाच्या हाताखाली एखादा विद्यार्थी पूर्ण घडवून मगच स्वतंत्र व्हावा. सुतारकामात, गवंडीकामात आपण हेच करतो.

आपल्यातीलही अनेक तरुण आता सहायक प्राध्यापक झाले आहेत. उद्या ते गाईड होतील, परवा विभागप्रमुख. त्यांना एकच सांगणे आहे. आपण जे सोसले ते पुढच्याला सोसायला लावणे म्हणजे शिस्त नव्हे. खुर्ची मिळताच आधी प्रशिक्षण मागा, विद्यापीठ देत नसेल तर चार सहकारी मिळून स्वतः वर्ग भरवा. आपल्या शिक्षक संघटनांनी आणि विद्यार्थी संघटनांनी पुढच्या निवेदनात हे एक कलम घालावे: प्रशिक्षणाशिवाय गाईडची मान्यता नको. मागणी छोटी आहे, खर्च थोडा आहे, आणि तिच्यावर आपल्या कितीतरी मुलामुलींची उमेदीची वर्षे अवलंबून आहेत.